सिम्युलेटरमधलं जीर्ण इंजिन सकाळी का सुरू होत नाही?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापुरातले एक जण संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये उजळाईवाडी विमानतळावरून उडतात. विमान चार आसनी, जुनं, कार्ब्युरेटरवालं, लायकमिंग कंपनीचं इंजिन. ॲड-ऑनमध्ये (सिमसाठी वेगळं घेतलेलं विमानाचं सॉफ्टवेअर) इंजिनाची झीज चालू ठेवलेली आहे आणि इंजिनावर १,७०० तास झालेले आहेत. डिसेंबरच्या सकाळी स्टार्टर फिरतो, इंजिन एक-दोनदा फट्‌फट् करतं, काळा धूर सोडतं आणि गप्प बसतं. उन्हाळ्यात बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरून, पेट्रोल भरून पुन्हा निघायचं म्हटलं की परत तोच तमाशा. ते लिहितात, "चेकलिस्ट अक्षरशः पाळतो. सुरू झालं नाही की प्रत्येक वेळी थोडं जास्त प्राइम करतो (स्टार्टर मारण्याआधी जादा पेट्रोल आत सोडतो). चौथ्या-पाचव्या खेपेला बॅटरीच बसते. पण एकदा सुरू झालं की मात्र झकास चालतं. ॲड-ऑनमध्ये काही घोळ आहे का?"

घोळ नाही. उलट तुमचं ॲड-ऑन चांगलं आहे असं यातून दिसतं. तुमच्या वर्णनातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटचं आहे: सुरू झालं की झकास चालतं. तिथूनच सुरुवात करतो.

माझी नोकरी हलक्या विमानांची इंजिनं उघडण्यात आणि मिटवण्यात गेली. आता संध्याकाळी सिमवर बसतो. त्यामुळे खाली जे लिहितोय ते हँगरच्या बाजूनं आहे. काही गोष्टी मात्र तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. विमानात वेगळा प्रायमर आहे की थ्रॉटल पंप करूनच प्राइम करावं लागतं, बॅटरी किती जुनी दाखवली आहे, तेल कोणतं भरलंय, हे प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही लिहिलेलं नाही. शिवाय सगळी ॲड-ऑन्स सारखी नसतात. ए२ए सिम्युलेशन्सच्या कोमांची २५० सारख्या विमानात बॅटरी, प्लग, सिलिंडरचं कॉम्प्रेशन यांची हालत एका उड्डाणातून पुढच्या उड्डाणात जाते. सिमबरोबर फुकट येणाऱ्या विमानांत यातलं बरंच काही नसतं. तिथे इंजिन सुरू होत नसेल तर कारण बहुतेक वेळा कुठलं तरी बटण असतं, झीज नसते.

इंजिनाकडे वळण्याआधी टेबलावरचं सामान तपासा. थ्रॉटलचा पोटेन्शिओमीटर (लिव्हर किती हलला ते मोजणारा भाग) जुना झाला की अक्ष जागच्या जागी थरथरतो. स्क्रीनवर लिव्हर हललेलाही दिसत नाही, पण सिमला मात्र थ्रॉटल सतत पुढे-मागे होतोय असं वाटतं. ज्या ॲड-ऑनमध्ये कार्ब्युरेटरचा ॲक्सिलरेटर पंप (थ्रॉटल पुढे ढकलला की जादा पेट्रोल उडवणारा) खरा बनवलाय, तिथे हा थरथराट म्हणजे न सांगता पेट्रोल ओतणं. सेटिंगमध्ये थोडा डेड झोन ठेवा, म्हणजे बारीक थरथराटाकडे सिम दुर्लक्ष करेल. मिक्श्चरचा, म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणाऱ्या लिव्हरचा, अक्ष खरोखर शून्यापर्यंत आणि पूर्ण शंभरापर्यंत जातो का तेही पाहा. सिमच्या असिस्टन्स सेटिंगमध्ये ऑटो मिक्श्चर चालू असेल तर बंद करा, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

आता मुद्द्याचं. पेट्रोल इंजिन पेटायला तीन गोष्टी लागतात: पुरेसं फिरणं, जळण्याजोगं मिश्रण आणि योग्य वेळी ठिणगी. नव्या इंजिनात यातलं एखादं थोडं कमी-जास्त असलं तरी चालून जातं. जीर्ण इंजिनात ही सूट संपलेली असते. चेकलिस्ट लिहिणाऱ्यानं नवं इंजिन समोर ठेवून लिहिलेली असते.

तिन्हींपैकी फिरण्याकडे लोकांचं सर्वात कमी लक्ष असतं, म्हणून तिथे जरा थांबतो. रिंगा आणि व्हॉल्व्ह झिजले की दाबलेलं मिश्रण गळतं. गळायला वेळ लागतो. उड्डाणात २,४०० आरपीएमला पिस्टनचा एक फेरा, म्हणजे खालून वर जाणं, सेकंदाच्या ऐंशीव्या भागात संपतो. तेवढ्या वेळात फारसं काही गळत नाही. म्हणून हवेत तुमचं इंजिन तरुण वाटतं. स्टार्टरवर इंजिन साधारण १२० आरपीएमनं फिरत असेल तर तोच फेरा पाव सेकंदाचा होतो. बॅटरी थकून ते ६० वर आलं तर अर्धा सेकंद. वीस ते चाळीस पट वेळ! मिश्रण वर दाबलं जाईपर्यंत बरंचसं रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये गेलेलं असतं आणि उरलेलं ठिणगीनं सहज पेटेल इतकं दाबलं जात नाही. तुमच्या "सुरू झालं की झकास" या वाक्याचं उत्तर इथे आहे.

याचा अर्थ, झिजलेल्या इंजिनाला नव्यापेक्षा चांगली बॅटरी लागते. गंमत म्हणजे लोक बरोबर उलटं करतात. जुनं विमान, म्हणून जुनीच बॅटरी चालवतात. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर स्वस्थ असताना साडेबाराच्या वर दाखवते. स्टार्टर मारताना काटा नऊ-दहाच्या खाली जात असेल तर प्रायमरला हात लावू नका, आधी चार्जिंग किंवा बाहेरची पॉवर लावा. मास्टर (बॅटरीचा मुख्य स्विच) चालू केल्यावर दिवे, रेडिओ, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) सगळं बंद ठेवा. बरेच सिमवाले एटीसी ऐकायला आधीच रेडिओ लावून बसतात. पंख्याचं (प्रोपेलरचं) पातं एकेक दिसत, अडखळत फिरतंय की सलग फिरतंय, हे नुसत्या डोळ्यांनी कळतं. प्रत्येक कॉम्प्रेशनला पंखा थबकत असेल तर त्या खेपेला इंजिन सुरू होणार नाही असं धरूनच चाला.

स्टार्टरलाही विश्रांती द्या. सेसना १७२एसच्या पुस्तकात लिहिलंय: १० सेकंद फिरवा, २० सेकंद थांबा, असं एकूण तीनदा, मग १० मिनिटं पूर्ण विश्रांती. तुमच्या विमानाचा आकडा वेगळा असेल, पण तत्त्व तेच. चांगल्या ॲड-ऑनमध्ये स्टार्टर तापतो, आणि तुमची बॅटरी चौथ्या-पाचव्या खेपेला बसते त्यात नवल नाही.

आता पेट्रोल. तुमची सवय मला ओळखीची आहे. जुनी चेतक सुरू झाली नाही की आपण ती बाजूला कलती करायचो, पेट्रोल पुढे यायचं आणि दुसऱ्या किकला गाडी चालू. तोच हात विमानातही जातो. फक्त इथे उपाय उलटतो, आणि जीर्ण इंजिनात दुप्पट उलटतो.

थंड इंजिनात ओतलेल्या पेट्रोलपैकी थोड्याच भागाची वाफ होते आणि जळते ती फक्त वाफ. म्हणून थंडीत जास्त प्राइम करावं लागतं. इथपर्यंत बरोबर. पण जे पेट्रोल द्रवच राहतं ते सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळतं आणि तिथला तेलाचा थर धुऊन काढतं. झिजलेल्या रिंगांच्या फटी बुजवण्याचं काम तोच थर करत असतो. म्हणजे जास्त प्राइम केलं की मिश्रण तर अतिसमृद्ध होतंच, वर कॉम्प्रेशनही आणखी पडतं. पुढच्या खेपेला इंजिन आणखी कमी प्रतिसाद देतं, तुम्ही आणखी प्राइम करता, तोवर बॅटरी हळू होते. तुमचा चौथा प्रयत्न पहिल्यापेक्षा वाईट का, ते यातून कळेल.

कमी पेट्रोल आणि जास्त पेट्रोल यांतला फरक ओळखायचा कसा? सेसना १७२एनच्या पुस्तकात हे फार नेमकं दिलंय. अधूनमधून क्षीण पेट घेतं आणि एक्झॉस्टमधून काळ्या धुराचे झोत येतात, तर इंजिन ओव्हर झालंय. पेट्रोल कमी असेल तर ते मुळीच पेट घेत नाही, थंडीत ही शक्यता जास्त. तुम्ही फट्‌फट् आणि काळा धूर दोन्ही लिहिलंय. म्हणजे तुमच्या इंजिनाला पेट्रोल कमी नाही, भरपूर झालंय.

ओव्हर झालेल्या इंजिनाचा उतारा असा. मिक्श्चर पूर्ण मागे ओढून बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि स्टार्टर मारा. आत फक्त हवा जाते, जादा पेट्रोल बाहेर पडतं आणि कुठल्या तरी क्षणी मिश्रण पुन्हा जळण्याजोगं होऊन इंजिन धरतं. धरलं की दोन्ही हातांची गडबड होते: थ्रॉटल झटकन मागे, मिक्श्चर पुढे. सिममध्ये थ्रॉटल मागे घ्यायला उशीर झाला तर थंड इंजिन एकदम दोन हजारांवर जातं, आणि जीर्ण बेअरिंगना तेल पोचायच्या आत तेवढा वेग म्हणजे झिजेचा आकडा वाढलाच समजा. थोडा सराव करून ठेवा.

प्रायमर आणि थ्रॉटल पंप करणं यांत मोठा फरक आहे. प्रायमर पेट्रोल थेट सिलिंडरच्या तोंडाशी, इनटेक पोर्टमध्ये सोडतो. थ्रॉटल पंप केल्यावर ॲक्सिलरेटर पंप ते कार्ब्युरेटरमध्ये उडवतो, आणि लायकमिंगचा कार्ब्युरेटर इंजिनाच्या खाली बसवलेला असतो. इंजिन फिरत नसताना वर ओढणारी हवाच नसते, त्यामुळे पेट्रोल परत खाली एअरबॉक्समध्ये टपकतं. त्यात बॅकफायर झाला की आग. म्हणून पंपानंच प्राइम करायचं असेल तर स्टार्टर फिरत असताना करा. आग लागलीच तर स्टार्टर सोडू नका, फिरवत राहा म्हणजे ज्वाळा आत ओढल्या जातात. इंजिन धरत नसेल तर मिक्श्चर बंद, थ्रॉटल पूर्ण, इंधनाचा व्हॉल्व्ह बंद. इंजिन सुरू करताना कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा कंट्रोल) नेहमी थंडवर ठेवा. ती गरम हवा फिल्टरमधून येत नाही.

तिसरी गोष्ट ठिणगी. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाबरोबर फिरून स्वतःच ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र. त्याची नेहमीची ठिणगी पिस्टन वर पोचायच्या बरीच आधी पडते, पुष्कळ लायकमिंगमध्ये २५ अंश आधी. स्टार्टरच्या संथ गतीला एवढ्या आधी पेट झाला तर पंखा उलटा झटका खाईल. म्हणून मॅग्नेटोवर इम्पल्स कपलिंग असतं: स्प्रिंग ताणून धरतं आणि उशिरा, जोरात सोडतं. अनेक इंजिनांत ते फक्त डाव्या मॅग्नेटोवर असतं, आणि किल्ली स्टार्टवर असताना उजवा मॅग्नेटो बंद राहतो. तुमच्या विमानात किल्लीऐवजी वेगळं स्टार्टरचं बटण असेल आणि तुम्ही सवयीनं दोन्ही मॅग्नेटो लावून बटण दाबत असाल, तर इथे चेकलिस्ट पुन्हा वाचा.

यात झिजेचा एक बारीक दुवा आहे, जो मला फार आवडतो. बहुतेक लायकमिंगमध्ये एक मॅग्नेटो एका बाजूच्या सिलिंडरांचे वरचे आणि दुसऱ्या बाजूच्या सिलिंडरांचे खालचे प्लग पेटवतो. सिलिंडर आडवे असल्यामुळे रिंगांतून आलेलं तेल रात्रभरात खालच्या प्लगपाशी जमतं. स्टार्ट करताना एकच मॅग्नेटो कामाला असतो, म्हणजे निम्म्या सिलिंडरांना ठिणगी मिळणार ती फक्त खालच्या, तेलकट प्लगमधून. निम्मं इंजिनच पेट घेतं. ॲड-ऑनच्या टॅब्लेटवर किंवा मेंटेनन्स पानावर प्लग तेलकट दाखवत असतील तर बाकी काही करण्याआधी ते साफ करा. माझ्या मते जीर्ण इंजिनावर सर्वात स्वस्तात सर्वात जास्त फरक पाडणारं काम हेच.

आता हे सगळं उजळाईवाडीच्या डिसेंबरच्या सकाळवर बसवू. तापमान १४-१५ अंश असेल. लायकमिंगच्या हिशेबात ही थंडी नव्हेच. त्यांच्या बहुतेक इंजिनांना प्रीहीट करायला सांगतात ते उणे १२ अंशांखाली. तरी एसएई ५० चं घट्ट तेल भरलं असेल तर ते या तापमानाला जडच असतं आणि स्टार्टरला ओझं वाटतं. थंडीभर मल्टिग्रेड किंवा एसएई ४० भरायची सोय ॲड-ऑनमध्ये असेल तर भरा. मग क्रम असा ठेवा: बॅटरीचे व्होल्ट बघा, मिक्श्चर पूर्ण पुढे, थ्रॉटल जेमतेम उघडा. १७२एनचं पुस्तक पाव इंचाचाही निम्मा, म्हणजे एक अष्टमांश इंच म्हणतं. हाताचा प्रायमर असेल तर दोन-तीन स्ट्रोक पुरे. त्याच पुस्तकात थंड इंजिनाला दोन ते सहा दिलेत, पण सहा हे आपल्या हवेचं काम नाही. प्रायमर कुलूपबंद करा, वाफ व्हायला काही सेकंद द्या, मग स्टार्टर. मुळीच पेटलं नाही तर थांबून एक स्ट्रोक वाढवा. फट्‌फट् करून धूर आला तर प्रायमरला हात न लावता ओव्हरचा उतारा करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही.

सांबऱ्याचा उन्हाळी प्रश्न वेगळा आहे, पण तुम्ही औषध तेच दिलंत. गरम इंजिन बंद केल्यावर कार्ब्युरेटरच्या भांड्यातलं पेट्रोल उष्णतेनं उकळून इनटेकमध्ये जातं. तुम्ही चहा पिऊन परत येता तेव्हा इंजिन आपोआप प्राइम झालेलं असतं, कधी जरा जास्तच. म्हणून गरम इंजिनाला प्राइम शून्य. थ्रॉटल सकाळपेक्षा थोडा जास्त उघडा ठेवा आणि सरळ स्टार्टर मारा. पुढेमागे इंजेक्शनवालं विमान घेतलंत तर तिथे वेगळं दुखणं भेटेल: सिलिंडरांवरून जाणाऱ्या बारीक नळ्यांत पेट्रोलची वाफ अडकते. तिथे मिक्श्चर बंद ठेवून स्टार्टर मारायचा आणि धरल्यावर मिक्श्चर पुढे न्यायचं.

सुरू झाल्यावर हजाराच्या आसपास ठेवा आणि ऑइल प्रेशरवर डोळा ठेवा. ३० सेकंदांत काटा उठला नाही तर बंद करा. निळा धूर थोडा वेळ आला तर घाबरू नका, रिंगा आणि व्हॉल्व्ह गाइडमधलं तेल जळतंय. पण थंड असताना एखादा सिलिंडर मारत नाही आणि मिनिटभरात सगळं सुरळीत होतं, असं रोज होत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकतोय. मेकॅनिक याला 'मॉर्निंग सिकनेस' म्हणतात. ही तक्रार आपोआप जात नाही, वाढत जाते.

आणि उद्याची सकाळ आज संध्याकाळी ठरते. उजळाईवाडी सुमारे २,००० फुटांवर आहे. एप्रिलमधल्या ३८ अंशांत तिथली हवा पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. जमिनीवर मिक्श्चर पूर्ण पुढे ठेवून टॅक्सी केलीत, म्हणजे विमान चालवत नेलंत, तर १००एलएल या विमानाच्या पेट्रोलमधलं शिसं आणि काजळी प्लगवर बसते. टॅक्सीत मिक्श्चर चांगलं मागे घ्या, इतकं की थ्रॉटल वाढवला तर इंजिन अडखळेल. टेक-ऑफआधी पुढे न्यायला विसरलात तर ते अडखळणंच आठवण करून देईल. इंजिन किल्लीनं बंद करू नका, मिक्श्चर ओढून बंद करा. आणि मास्टर! तो चालू राहिला तर दुसऱ्या दिवशी बॅटरीचा प्रश्नच उरत नाही.

एवढं करूनही होत नसेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करा. ८० पीएसआय हवा सोडून सिलिंडर किती धरतो ते मोजतात. ७० च्या वर असेल तर लायकमिंगला काही तक्रार नाही. ६५ च्या खाली गेला तर झीज झालीये, दर १०० तासांनी मोजा. ६० च्या खाली गेला तर सिलिंडर उतरवायची वेळ आली. तुमचे १,७०० तास हा आकडा स्वतः काही सांगत नाही. अशा इंजिनांचा ओव्हरहॉलचा पल्ला बहुधा २,००० तासांचा असतो. दोन सिलिंडर ७४ आणि दोन ५८ असतील तर कॉकपिटमधली कुठलीही युक्ती पुरणार नाही. मेंटेनन्स पानावर जा आणि ते दोन बदलून टाका. सिममध्ये वर्कशॉपसाठी उद्यमनगरात फेऱ्या माराव्या लागत नाहीत, एवढा तरी फायदा घ्या.

तुम्ही जाता जाता विचारलंय की सुरू करण्याआधी पंखा हातानं फिरवून घ्यावा का. ॲड-ऑनमध्ये सोय असेल तर खुशाल फिरवा. भिंतींवर थोडं तेल पसरतं आणि कुठला सिलिंडर ढिला आहे तेही कळतं. खऱ्या विमानाच्या पंख्याला मात्र हात लावू नका. मॅग्नेटोला विमानाची बॅटरी लागत नाही. किल्लीनं त्याला बंद करणारी अर्थिंगची वायर तुटलेली असेल तर किल्ली बंद असतानाही तो ठिणगी देतो, आणि इम्पल्स कपलिंगमुळे त्यासाठी हातानं हळू फिरवलेला पंखाही पुरतो.